पाहुण्याचे स्वतःचे वायरलेस कार्ड
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी मराठी आणि इतिहास शिकविणारा शिक्षक. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने संगणकावर बोलावे हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. पण संगणक कक्षाची किल्ली कोणी सांभाळायची असा प्रश्न निघाला, की ती वयाने सर्वांत लहान शिक्षकाच्या गळ्यात पडते. तशी ती माझ्या गळ्यात पडली आणि पुढे त्या कामाची गोडी लागली. आज मी एकाच लहानशा अडचणीविषयी बोलणार आहे. तिच्यापायी गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका घरातला एकुलता एक लॅपटॉप पुसला जाणार होता, म्हणून पालकांनीही ती ऐकावी अशी विनंती आहे.

बारावीतला एक मुलगा. मोठा भाऊ आखातात, त्याने पाठविलेला लॅपटॉप. त्यावर वडिलांच्या दुकानाचा हिशेब, बहिणीच्या नर्सिंग प्रवेशाची कागदपत्रे, तिचे ऑनलाइन वर्ग, सगळे काही. मुलाला वायरलेस नेटवर्कचे काम शिकायचे होते. त्याने विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्स घातले आणि त्यात लिनक्स चालू केले. इंटरनेट आले, पण वायरलेस काही दिसेना. धड्यात लिहिले होते की 'डब्ल्यूलॅन-झीरो' नावाचे उपकरण दिसेल. याला दिसे 'ईटीएच-झीरो', म्हणजे वायरीचे कार्ड. लॅपटॉपला तर वायर कुठेच लावलेली नव्हती! तीन आठवडे झगडून त्याने ठरविले, की विंडोज काढून टाकायचे आणि लिनक्सच घालायचे. माझ्याकडे तो फक्त पेनड्राइव्ह मागायला आला होता.

मी विचारले, "घरी सांगितलेस का रे?" तो म्हणाला, "नाही सर. अब्बांना त्यातले काय कळणार?"

हा उद्योग मी स्वतः एकदा करून बसलो आहे. डिस्कचे भाग पाडताना चुकीचा भाग पुसला आणि घटक चाचणीचे गुण चार रात्री बसून वह्यांमधून पुन्हा उतरवून काढले. म्हणून त्याला म्हटले, बस, आधी समजून घेऊ.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत कार्यक्रमाच्या रूपाने चालणारा दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली काढली, तिच्यात एकाच यंत्रावर अनेकांना आपापले वेगळे यंत्र असल्यासारखे काम करता येई. आपल्या घरगुती संगणकांवर ही सोय १९९९ च्या सुमारास आली, आणि व्हर्च्युअलबॉक्स २००७ पासून विनामूल्य मिळते. बाहेरच्या खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. पाहुण्याच्या खोलीत काहीही मोडतोड झाली तरी ती खोली पुसून नवी करता येते, यजमानाच्या सामानाला सहसा धक्का लागत नाही. ज्या घरात लॅपटॉप एक आणि वापरणारे पाच, तिथे शिकण्याची याहून चांगली सोय मला माहीत नाही.

आता अडचण कुठे आहे ती पाहा. लॅपटॉपमधले वायरलेस कार्ड यजमानाच्या ताब्यात असते. राऊटरला पासवर्ड देणे, सिग्नल धरून ठेवणे, हे सारे यजमान करतो आणि मिळालेली माहिती आत पाठवितो. पाहुण्याला जे कार्ड दिसते ते खरे नव्हे. ते व्हर्च्युअलबॉक्सने सोंग घेऊन उभे केलेले वायरीचे कार्ड आहे. म्हणून 'ईटीएच-झीरो'. मुलाचे काही चुकले नव्हते, लॅपटॉपही नादुरुस्त नव्हता. तीन आठवडे तो स्वतःला मठ्ठ समजत होता, याचे मला जास्त वाईट वाटले.

काही जण सांगतात, सेटिंगमध्ये 'नॅट' आहे ते बदलून 'ब्रिज्ड' करा. त्याने नेमके काय होते? नॅटमध्ये पाहुण्याची सारी पत्रे यजमानाच्या नावावर जातात-येतात. ब्रिज्डमध्ये पाहुण्याला घरच्या नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मिळतो, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या संगणकाला तो थेट सापडतो. पण कार्ड वायरीचेच राहते. शिवाय वाय-फायवर ब्रिज करणे थोडे ओढूनताणून चालते. प्रत्येक कार्डाला मॅक ॲड्रेस नावाचा ओळख क्रमांक असतो, आणि ज्या कार्डाने राऊटरकडे नोंदणी केली त्याच्याच क्रमांकाने आलेले पाकीट राऊटर स्वीकारतो. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स पाहुण्याच्या पाकिटावरचा क्रमांक खोडून यजमानाचा घालते आणि उत्तर आले की ते कोणाचे ते आयपी पत्त्यावरून ओळखते. कधी हे जमते, कधी अडते.

आतले कार्डच काढून पाहुण्याला द्यावे काय? लिनक्स यजमान असेल, केव्हीएम वापरत असाल आणि प्रोसेसर व मदरबोर्ड दोघांची त्याला अनुमती असेल, तर ते होऊ शकते. पण मग यजमानाचे वायरलेस बंद पडते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तशी अर्धवट सोय होती, तीही २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून काढून टाकली. विद्यार्थ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

साधा उपाय असा, की पाहुण्याला त्याचे स्वतःचे कार्ड विकत घेऊन द्यावे. यूएसबीचे वायरलेस कार्ड, ज्याला मुले डोंगल म्हणतात, ते लॅपटॉपला लावायचे. पाहुणा बंद असताना सेटिंगमध्ये यूएसबी चालू करून, अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून त्या डोंगलचे नाव नोंदवायचे. मग पाहुणा सुरू करून डोंगल एकदा काढून पुन्हा लावायचे. त्या क्षणी यजमान ते सोडतो आणि पाहुणा धरतो. यजमानाचे इंटरनेट आतल्या कार्डावर पूर्वीसारखे चालू राहते. ७.० किंवा पुढची आवृत्ती असेल तर यूएसबी २ आणि ३ साठी वेगळा जोडसंच घालावा लागत नाही. यजमान लिनक्स असेल, तर आपले नाव 'व्हीबॉक्सयूझर्स' या गटात घालण्यास विसरू नये. निम्मे लोक तिथेच अडकतात.

विकत घेताना मात्र डब्यावरचे नाव पाहून फसू नका. पाहायची ती आतली चिप. त्या मुलाने घाईने जे पहिले डोंगल आणले, त्याला लिनक्सने ओळखही दिली नाही. एकाच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळी चिप असू शकते. एथेरॉस एआर-९२७१ ही चिप लिनक्समध्ये बरीच वर्षे चालते, मात्र ती फक्त २.४ गिगाहर्ट्झची. दुकानदार डोंगल परत घेणार की नाही, ते आधी विचारावे.

आणि ही गोष्ट सर्वांनाच हवी असे मुळीच नाही. ज्याला पाहुण्यात फक्त इंटरनेट हवे, प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, त्याने नॅटवर हात लावू नये आणि वडिलांचे पैसे खर्च करू नयेत. वायरलेसचाच अभ्यास करणाऱ्याला, म्हणजे भोवतालचे सिग्नल मोजायचे, हवेतली पाकिटे पाहायची, त्यालाच स्वतंत्र कार्ड लागते.

इथे पालकांच्या मनात जी शंका आहे ती मी ओळखतो. होय, याच साधनाने शेजाऱ्याच्या वाय-फायमध्ये डोकावण्याचा मोह होऊ शकतो. विनापरवानगी दुसऱ्याच्या यंत्रणेत अप्रामाणिकपणे शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्याचा हक्क काय असतो ते आपल्या घरात मुलांना माझ्याआधी सांगितलेले असतेच. मी एवढेच म्हणेन, की मूल काय करीत आहे ते त्याच्याकडूनच समजावून घ्या. अब्बांना कळत नाही, असे त्याने ठरविले की ते दार लावून बसते.

त्या मुलाने दुसरे डोंगल लावले, 'डब्ल्यूलॅन-झीरो' दिसले, आणि मी त्याला काम दिले: आपल्याच घराचे सिग्नल खोलीखोलीतून मोज. हे आकडे उणे असतात; शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल जोरदार. ओटीवर राऊटरजवळ उणे ४२, आणि बहीण जिथे अभ्यासाला बसते त्या मागच्या खोलीत उणे ८४. मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती. शिवाय आजूबाजूचे तीन राऊटर आणि यांचा स्वतःचा, चारही ६ क्रमांकाच्या चॅनेलवर. वडील हातात कागद घेऊन त्याच्या मागे आकडे लिहीत फिरले. दोघांनी राऊटर माजघराच्या दारावर नेला आणि चॅनेल ११ केला. मागच्या खोलीत उणे ६५ झाले. वर्गाच्या वेळी बहिणीला आता ओटीवर येऊन बसावे लागत नाही, आणि दुकानाचा हिशेब होता तिथेच आहे.

संगणक कक्ष शनिवारी दुपारी उघडा असतो. येताना चार्जर आणावा, आणि लॅपटॉपमधल्या महत्त्वाच्या फायलींची एक प्रत घरी काढून ठेवावी. खुदा हाफिज.