आदेश आला तेव्हा झाडं पडली होती

इथे आरेत बोलताना मला ४ ऑक्टोबर २०१९ आठवतो. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी करवती सुरू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. ते पत्रच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं पडली होती. आदेशाने पडलेलं झाड उभं राहत नाही.

तरी कोर्टाचा नाद सोडा, असं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये माळढोकच्या खटल्यात याच न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा कलम १४ आणि २१ मधला हक्क मानला. पण हक्क वेळेत मागावा लागतो. झाडावर नोटीस दिसली, की त्याच दिवशी लेखी हरकत द्या. करवतीच्या आधी.