परमुलखातली फुफी

परदेश म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे लंडन-अमेरिका येते. आम्हा जालन्याकडच्या माणसांच्या वाट्याला मात्र असं एक शहर आलं, जे आधी आमची राजधानी होतं आणि मग परमुलूख झालं. ते म्हणजे हैदराबाद. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, त्यानंतर भारतातल्या हैदराबाद राज्यात. नोव्हेंबर १९५६ मध्ये भाषावार वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. माझी फुफी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, अंबड तालुक्यातल्या आमच्या गावाहून याकूतपुऱ्यात सासरी गेली ती या सगळ्याच्या आधी. राज्यातल्या राज्यात दिलेली पोर. सरहद्द नंतर मध्ये येऊन बसली.

मी तिथं पहिल्यांदा गेलो १९८९ साली, अब्बांबरोबर. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. जालन्याहून मीटरगेजची गाडी, रात्रभर खडखडाट आणि सकाळी काचीगुडा. मी उस्मानियात उर्दू घेऊन एम.ए. करावं, असं अब्बांच्या मनात होतं. १९१८ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ. तिथं एकेकाळी डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवत. अब्बांना त्याचा कोण अभिमान! आर्ट्स कॉलेजच्या त्या भव्य दगडी इमारतीपुढे त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "देख ले." मी पाहिलं. पण माझ्या पिशवीतली वही मराठी कवितांची होती, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

फुफीला मात्र वही सापडली. तिला वाचता येत नव्हतं, पण लिपी बघून तिनं ओळखलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीतच बोलायला लागली. आमच्या गावची, रानातली मराठी. "काय रं, विहिरीला पाणी हाय का? चिंच हाय का अजून?" घरात शेरोशायरीचं वातावरण, फुफा मोठे शौकीन, आतेभाऊ माझ्या बोलण्याला आधीच हसायचे. मला लाज वाटायला लागली. एकदा सगळ्यांदेखत मी तिला म्हटलं, "फुफी, यहाँ मराठी नक्को." ती गप्प झाली. आम्ही निघेपर्यंत पुन्हा मराठीत बोलली नाही.

'नक्को' हा शब्द दखनीनं मराठीतूनच घेतलाय, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. वाक्यात जागोजागी येणारा तो 'च'ही आपलाच. फुफीची मराठी बंद करायला मी मराठीच वापरली होती.

एम.ए. झालं नाही. मी परत आलो, नोकरीला लागलो आणि मराठीतच लिहीत राहिलो. "मुसलमान असून मराठीत?" या प्रश्नाला तीस वर्षं हसून उत्तर देतोय, आता उत्तरही पाठ झालंय. हैदराबादला जायचं मात्र राहून गेलं. २०११ साली फुफी गेल्याचा फोन आला, तेव्हाही गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात एकटाच गेलो. अब्बा आता नाहीत. मीटरगेजही नाही. मधल्या काळात, २०१४ मध्ये, तिथलं राज्यही बदललं, तेलंगणा झालं. याकूतपुऱ्यातलं अंगणाचं घर पाडून तिथं चार मजले उभे राहिलेत. दुसऱ्या मजल्यावर फुफीचा नातू राहतो. त्यानं अगत्यानं बसवलं, चहा आणला. मी मराठीत लिहितो म्हटल्यावर म्हणाला, "दादीमां आखिर में मराठीच बोलते थे चचा. हमना कुच समझताच नै था."

आयुष्यभर बोललेली दखनी शेवटच्या आजारात ती विसरली होती. घरात अर्थ सांगणारं कुणी नव्हतं.

"एक लफ्ज याद है," तो म्हणाला. "ठंड में सुबू-सुबू 'ऊन, ऊन' बोलते थे. अम्मी ऊन का शाल उढ़ाते थे, स्वेटर पहनाते थे. वो फेंक देते थे. फिर वइच, ऊन, ऊन."

उर्दूत ऊन म्हणजे लोकर.

मी कप खाली ठेवला. समोरच्या इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर सकाळचं ऊन पडलं होतं. खाली, त्याच्या खिडकीपर्यंत, ते पोचत नव्हतं. मी बोटानं दाखवलं. म्हटलं, "मराठी में ऊन बोले तो वो. धूप."

तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग हळूच म्हणाला, "चचा, अम्मी कू नक्को बोलो."

मी नाही बोललो. इथं सांगतोय, कारण त्यांना मराठी येत नाही.