निवळ म्हणजे निर्धोक नव्हे

पावसाळ्याच्या पहिल्या सरी कोसळल्या की नदी-विहिरीचे पाणी चहासारखे दिसू लागते. ‘हंडा रात्रभर ठेवा, गाळ खाली बसेल,’ असे आपण सहज म्हणतो. वाळूपुरते ते खरे आहे. मातीच्या अतिसूक्ष्म कणांना मात्र एक रात्र पुरत नाही.

जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये मांडलेला नियम सांगतो की, कणाचा व्यास दहापट कमी झाला तर त्याचा बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो. एक सहस्रांश मिलिमीटरच्या कणाला जवळजवळ तेरा दिवस लागतात! चिकणमातीचे कित्येक कण त्याहूनही बारीक असतात. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून एकत्र येऊन जड होत नाहीत.

इथे तुरटी कामाला येते. तिच्यातील ॲल्युमिनियमचा धनभार हा दुरावा मोडतो. त्याचा पाण्यात चिकट, कापसासारखा पुंजका तयार होतो आणि कण त्यात अडकतात. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी घातल्यावर पाणी आधी जोरात घुसळतात, मग सावकाश ढवळतात. जोराने ती सगळीकडे पसरते, सावकाशीने पुंजके मोठे होतात. घरीही तुरटीचा खडा थोडाच फिरवावा आणि मग भांडे हलवू नये. जास्त तुरटीने पाणी अधिक स्वच्छ होत नाही, उलट त्याची आम्लता वाढते. आपल्याकडे निवळीच्या बिया उगाळून पाण्यात घालण्याची जुनी रीत आहे. त्या बियांतील द्रव्येही कणांना असेच बांधून घेतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. तुरटी गाळ खाली बसवते, त्याबरोबर काही जंतूही बसतात, पण सगळे नव्हे. कॉलरा, कावीळ, हगवण यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. काचेसारख्या पाण्यातही ते असू शकतात. मग गाळ काढायचाच कशाला? कारण गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आडोशाला लपतात आणि क्लोरिन त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा अवघी १ एनटीयू ठेवली आहे.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवा. आधी तुरटी, मग वरचे निवळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढून गाळणे आणि शेवटी उकळणे किंवा क्लोरिन. घरात तान्हे मूल असेल तर यातली शेवटची पायरी कधीही गाळू नका.