सोसायचं की कापायचं? मधलाही रस्ता आहे
(परतूर येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

मघाशी सतरंजीवर बसताना किती जणींनी ‘आई गं’ म्हटलं, ते मी ऐकलं. मीही म्हटलं. माझी साठी उलटली आहे आणि गुडघे दहा वर्षांपासून दुखताहेत.

घरच्यांनी सांगितलं, वय झालं. एका डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, सांधा बदला. म्हणजे सोसा, नाहीतर सोनं मोडा! पण मधे बरंच काही असतं, ते आपल्याला कुणी सांगत नाही.

झिजलेली कूर्चा परत येत नाही, हे खरं. पण मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो आणि दुखणं कमी होतं. म्हणून पहिला उपचार व्यायाम. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. वजन जास्त असेल तर एक किलो उतरवा, पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरा. दुखण्यावरचं मलम चालतं. गोळ्या मात्र मनाने रोज घेऊ नका, पोट आणि मूत्रपिंड बिघडतात. सांध्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवड्यांचाच.

दुर्बिणीने गुडघा ‘धुऊन’ देतो म्हणाले तर विचार करा. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना नुसते वरून छेद दिले होते. खरी सफाई झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम पडला नाही. झीज एकाच बाजूला असेल तर हाड कापून पाय सरळ करता येतो, किंवा तेवढाच भाग बदलता येतो. एवढं करूनही चालवत नसेल, झोप लागत नसेल, तर पूर्ण सांधा जरूर बदला. २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे. बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा.

पण बायांनो, खुरपणी, कापूस वेचणी, पाण्याचे हंडे, चुलीपुढे उकिडवं बसणं, हे सगळं आपल्याच गुडघ्यांवर. व्यायामाला पंधरा मिनिटं आणायची कुठून? हंडा घरातल्या पुरुषांनी उचलायचा. चूल ओट्यावर घ्यायची. हे मागणं म्हणजे लाड नव्हेत.

आता उठू नका. पाय लांब करा. रुमालाची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्याने दाबा. पाच मोजा. सोडा. असं दहा वेळा. चला, माझ्याबरोबर: एक...