विद्येचा वर्ग आणि उपजीविकेची वाट

भक्तजनहो, उत्सवाच्या मंगल प्रसंगी उपजीविकेसारखा व्यावहारिक विषय कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु विद्यादान हेही दानच होय, आणि दान देताना घेणाऱ्याची गरज पाहिली पाहिजे, हे कोणीही मान्य करील. नवा अभ्यासक्रम काढणाऱ्या संस्थेने वर्ग भरेल किंवा नाही, एवढेच पाहून भागत नाही. शिकून बाहेर पडलेल्या मुलास कामावर कोण बोलावील, हा प्रश्न वर्गाचे दार उघडण्यापूर्वीच विचारावयास हवा.

बडोद्याने या प्रश्नाचा विचार पूर्वी केलेला आहे. 1890 साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापन केले व प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञास त्याचे प्राचार्य नेमिले. तो काळ लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईस व अहमदाबादेस कापडाच्या गिरण्या वाढत होत्या. 1856 साली इंग्लंडात पर्किनने पहिला कृत्रिम रंग सिद्ध केला होता, आणि पुढे मंजिष्ठेचा लाल रंगही प्रयोगशाळेत तयार होऊ लागला होता. पिढीजात रंगाऱ्याची विद्या मागे पडण्याचा तो समय होता. अशा वेळी कलाभवनात रंगकाम रसायनशास्त्राच्या आधारे शिकविले जाऊ लागले, तेही मातृभाषेतून, म्हणजे कारागिराच्या मुलास इंग्रजीची अडचण पडू नये. 1897 साली जर्मनीतून कृत्रिम नीळही बाजारात आली, तेव्हा त्या निवडीचे मोल अधिकच स्पष्ट झाले. गावात आज कोणते काम चालते, एवढेच न पाहता उद्या कोणते चालेल, हेही तेथे पाहिले गेले.

मागणीचा विचार न झाल्यास काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. शिक्षकाची नोकरी हमखास मिळते अशा समजुतीने तेथे एके काळी गावोगाव डी.एड.ची विद्यालये निघाली. वर्ग भरले, पण शाळांत जागा किती रिक्त होणार, याचा हिशेब कोणी मांडला नाही. 2012 साली खाजगी शाळांतील नव्या नेमणुकांवर बंदी आली. 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागली. हाती पदविका असलेले असंख्य तरुण वाट पाहत राहिले आणि पुढे कित्येक विद्यालयांस कुलपे लागली. विद्यालय बंद झाले तर संस्थेचे एक खाते मिटते. ज्या बापाने शेत गहाण ठेवून शुल्क भरले, त्याचे खाते मात्र मिटत नाही. दोष त्या मुलांचा नव्हे; वर्ग काढणाऱ्यांनी प्रश्नच विचारला नाही, हा खरा दोष.

मग विचारावे कसे? या मकरपुऱ्याचेच उदाहरण घ्यावे. येथील औद्योगिक वसाहतीत एखाद्या संस्थेने नवा वर्ग काढण्याचे मनात आणले, तर कारखानदारास ‘माणसे हवीत काय?’ असे विचारून उपयोग नाही. त्याचे उत्तर बहुधा ‘हवीत’ असेच येते. गेल्या वर्षी किती माणसे घेतली, कोणत्या वेतनावर घेतली, त्यांतील किती टिकली, येत्या पाच वर्षांत किती वृद्ध कारागीर निवृत्त होणार, हे विचारावे. एखाद्या कामाचे वेतन सतत चढत असेल तर माणसांची उणीव खरी. तोंडाने टंचाई सांगितली जाते आणि वेतन मात्र जागचे हलत नाही, तेथे सावध राहावे. जवळच तरसालीच्या आय.टी.आय.मध्ये त्याच कामाचे किती विद्यार्थी तयार होतात, हे त्यातून वजा करावे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये किती कारखाने मुलांस घेण्यास तयार आहेत, हे लेखी मागावे. प्रारंभी एकच लहान तुकडी काढावी आणि ती बाहेर पडल्यावर प्रत्येक मुलाचा पुढचा मार्ग नोंदवून ठेवावा.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. आज टर्नरची उणीव दिसली म्हणून सर्व संस्थांनी एकाच वर्षी टर्नरचे वर्ग काढले, तर ती सर्व मुले एकाच वेळी बाहेर पडतात आणि उणिवेच्या जागी गर्दी होते. मागणी आज दिसते, पीक मात्र दोन-चार वर्षांनी हाती येते. शेजारी काय पेरीत आहे, हे म्हणूनच पाहावे लागते.

तथापि, मोजणीस सर्वच सापडते असे नाही. धुंडिराज गोविंद फाळके हे कलाभवनाचे विद्यार्थी. त्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणला. कलाभवन निघाले तेव्हा त्या धंद्याचे नावही नव्हते. गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या सहभागाने 1907 साली अलेंबिकचा कारखाना उभा राहिला. त्या शिष्यांनी दुसऱ्याकडे चाकरी न मागता इतरांस चाकरी दिली. यास्तव नेमके एकच यंत्र शिकविण्यापेक्षा त्यामागील शास्त्रही शिकवावे, म्हणजे काम बदलले तरी माणूस निरुपयोगी होत नाही.

संस्कृत विद्येसही हा विचार परका नाही. 1915 साली बडोदे सरकारने पुरोहितांस परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक करणारा कायदा केला आणि त्याच वर्षी येथे संस्कृत महाविद्यालय निघाले. शिकलेल्या पुरोहिताची गरज व शिक्षणाची सोय जोडीने उभी राहिली. मात्र न्याय, मीमांसा, व्याकरण यांसारखी कित्येक शास्त्रे बाजाराच्या मापाने मोजता येत नाहीत, आणि तेवढ्यावरून ती सोडूही नयेत. ती आवर्जून शिकवावी. परंतु त्यांतून उपजीविका किती होईल, हे प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्यास व त्याच्या पालकांस स्वच्छ सांगावे, आणि विद्यार्थ्याच्या योगक्षेमाचा भार समाजाने उचलावा. ज्ञानासाठी ज्ञान देणे हे पुण्य आहे. नोकरीची आशा दाखवून ते विकणे ही वंचना होय.

सज्जनहो, अनेक भाविक शिक्षणसंस्थांस उदार हस्ते देणगी देतात. ती देण्यापूर्वी ‘इमारत केवढी?’ या प्रश्नाबरोबर ‘येथून बाहेर पडलेली मुले आज कोठे आहेत?’ हाही प्रश्न त्यांनी अवश्य विचारावा. ज्या संस्थेजवळ त्याचे उत्तर नावानिशी लिहिलेले असेल, तेथे दिलेले दान सत्पात्री पडले, असे खुशाल समजावे.