पोशिंद्याची आरती पुरे, हिशेब मांडा

(हिवरा आश्रम, ता. मेहकर येथील बैठकीत केलेले भाषण)



विवेकानंदांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावात देशाच्या थोरवीबद्दल जपूनच बोलले पाहिजे. १८९३ साली स्वामीजींनी शिकागोची सभा जिंकली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्याच परिषदेत २० सप्टेंबरला ते आणखी एक गोष्ट बोलले. हिंदुस्थानात धर्माला तोटा नाही, तोटा आहे तो भाकरीला, असा त्या बोलण्याचा अर्थ. ते भाषण कोणी आपल्याकडून पाठ करून घेतले नाही.

आपला देश जगावेगळा, हे ऐकायला आम्हालाही गोड वाटते. पण या गोडीची पावती कोणाच्या नावावर फाटते?

एप्रिल २०२२ मध्ये पंतप्रधान म्हणाले, जागतिक व्यापार संघटनेने परवानगी दिली तर भारत जगाला अन्न पुरवायला तयार आहे. महिनाभरात, १३ मे रोजी, गव्हाची निर्यात बंद! आधारभूत किंमत २,०१५ रुपये होती आणि व्यापारी त्याहून जास्त देत होते, नेमके तेव्हा. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये आपले सोयाबीन शेतात उभे असताना १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली गेली. उन्हाने गहू घटला, महागाई वाढली, कोंबड्यांचे खाद्य महागले, ही कारणे खरी असतील. मग महागाई आवरण्याचा खर्च सरकारी तिजोरीने सोसावा. तो आपल्या घामातून का?

अमेरिकाही स्वतःला जगावेगळीच समजते. खुल्या बाजाराचे धडे ती जगाला देते आणि आपल्या कापूसवाल्यांना अनुदाने वाटते. ब्राझीलने त्यावर तक्रार केली आणि २००५ साली जागतिक व्यापार संघटनेत निकाल अमेरिकेच्या विरुद्ध गेला. म्हणजे बढाई तिथेही आहेच. फरक एवढाच, की तिथल्या बढाईत शेतकऱ्याचा खिसा भरतो आणि इथल्या बढाईत तो रिकामा होतो.

आपल्याला पोशिंदा म्हणतात, अन्नदाता म्हणतात, बळीराजा म्हणतात. यातली मेख ओळखा. देवाला नैवेद्य दाखवतात, मजुरी देत नाहीत. एकदा देव्हाऱ्यात बसवले, की भाव मागणारा स्वार्थी ठरतो.

म्हणून पुढच्या वेळी कोणी फेटा बांधायला आला, तर डोके पुढे करण्याआधी दोनच प्रश्न विचारा. भाव चढला की निर्यात बंद करणार का? सुगीच्या तोंडावर आयात आणणार का? उत्तर मिळेपर्यंत फेटा त्याच्याच हातात राहू द्या.