कनेक्शन कोण करतं, वायव्हा कोण देतं?

(मयूर विहार फेज १ मधल्या मराठी विद्यार्थ्यांच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून.)



गेल्या आठवड्यात आपल्यातल्या एका मित्राचा रात्री अकराला फोन आला. गावाकडे त्याच्या बहिणीचं कॅप राउंडचं अलॉटमेंट लागलं होतं. सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळालंय. पुढच्या फेरीसाठी थांबलं तर एखाद्या खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल, अशी आशा आहे. सीट घ्यायची मुदत उद्या संपते. घरात विचारायला कोणी नाही. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील मजुरीला जातात, आणि हा स्वतः दिल्लीत इतिहास शिकतोय. म्हणाला, "ताई, तू इलेक्ट्रिकल केलंस ना? सांग, घ्यायचं का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण मी इलेक्ट्रिकल केलं आणि सोडलं. २०१८ ला बी.ई. झाले, मग समाजशास्त्रात एम.ए., आणि आता वीज वितरणातल्या कंत्राटी कामगारांवर पीएच.डी. चाललीये. सोडून आलेल्या माणसानं 'जा' म्हणावं का, हे मला त्या रात्री कळेना. म्हणून म्हटलं, रविवारी सगळ्यांसमोर बोलू.

माझे बाबा वाशीम जिल्ह्यात लाइनवर काम करतात. गावात त्यांना सगळे वायरमन म्हणतात. ठेकेदाराच्या कागदावर ते 'हेल्पर' आहेत. डीपी, डीओ, जंप, एबी स्विच, परमिट हे शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकले असतील. परमिट म्हणजे काय, तर सबस्टेशनवरून लाइन बंद करून घेतल्याची परवानगी. ती घेतल्याशिवाय पोलवर चढायचं नसतं. बाबा फोनवर "परमिट भेटलं का?" असं विचारत, तेव्हा आई हातातलं काम थांबवून ऐकत असे.

तर तिसऱ्या वर्षाला इलेक्ट्रिकल मशिन्सच्या तासाला सरांनी विचारलं: डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर आहे, अकरा केव्हीच्या बाजूचा एक फ्यूज उडाला, तर खालच्या बाजूला काय होईल? वर्गात शांतता. मग दोघातिघांनी फेजर काढायला घेतले. मला उत्तर माहीत होतं. मी आठवीत असल्यापासून माहीत होतं. आमच्या गावच्या डीपीवर पावसाळ्यात हेच व्हायचं. एका आळीत लख्ख उजेड, बाकी दोन आळ्यांमध्ये बल्ब लालसर, पंखा गरगर न फिरता नुसता डुलतोय. बाबा अंगणातून घराघरांकडे बघूनच सांगायचे, "एक डीओ उडाला. एका फेजवर फुल राह्यते, दोनावर अर्धं." कारण सरळ आहे. डेल्टातल्या तीनपैकी एका वाइंडिंगला पूर्ण दाब मिळतो. उरलेल्या दोन एकामागे एक जोडल्यासारख्या होतात आणि तोच दाब वाटून घेतात. सरांना हवं होतं ते एवढंच.

मी बोलले नाही. इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत पुण्याकडच्या एका मुलानं सांगून टाकलं. सर म्हणाले, गुड इंट्युशन. मला त्या शब्दाचा अजून राग येतो. त्याला पुस्तकातून सुचलं ते इंट्युशन. माझ्या बाबांना तीस पावसाळ्यांत जे कळलं, त्याला कंपनीत 'अनस्किल्ड' म्हणतात.

आता लॅबचं सांगते. तुमच्यातल्या ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय ते हसतील. पाचजणांची बॅच असते. ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट, शॉर्ट सर्किट टेस्ट, इंडक्शन मोटरची लोड टेस्ट. आमच्या बॅचमध्ये कनेक्शन करायचो आम्ही दोघं. एक मी, आणि दुसरा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, त्याआधी आयटीआय केलेला मुलगा. वायर ओढायच्या, अमीटर सिरीजमध्ये, व्होल्टमीटर पॅरलल, व्हेरिअॅक शून्यावर आणायचा, मग सप्लाय. उरलेले तिघे खुर्चीवर बसून रीडिंग लिहायचे, ग्राफ काढायचे आणि वायव्हाची तयारी करायचे. "तुझा हात चांगला आहे गं," असं कौतुकही व्हायचं. परीक्षेत कनेक्शनला थोडे गुण असत, बोलण्याला जास्त. तीन वर्षं हे असंच चाललं, कोणी ठरवलं नव्हतं. यादीतली आडनावं वाचली असती तर कोणीतरी ठरवल्यासारखंच दिसलं असतं.

वर्गात उभं करून "स्कॉलरशिपवाले हात वर करा" म्हणणं, "तुझी रँक किती होती?" असं पहिल्याच आठवड्यात विचारणं, हे तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. त्यावर आज वेळ घालवत नाही. २०१४ मध्ये आयआयटी मुंबईत इलेक्ट्रिकलच्याच आपल्या एका मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या आईवडिलांनी संस्थेला जे लेखी निवेदन दिलं, ते जमलं तर वाचा. मला ते एका बैठकीत वाचून होत नाही.

मला बोलायचंय ते हात आणि डोकं यांच्या वाटणीबद्दल. एम.ए.ला आल्यावर अजंता सुब्रमण्यन यांचं 'द कास्ट ऑफ मेरिट' हातात आलं. २०१९ चं पुस्तक आहे, आयआयटी मद्रासवरचं. त्या दाखवतात की इंग्रजांच्या काळात तांत्रिक ज्ञान हळूहळू कारागिरांच्या हातून सुटलं आणि ज्यांनी हत्यार कधी धरलं नव्हतं अशा जातींच्या पदव्यांत जाऊन बसलं. रूडकीचं कॉलेज १८४७ चं. पुण्यात १८५४ साली बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारा वर्ग निघाला, त्याचंच पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झालं. दगड घडवणारे, लोखंड तापवणारे आधीपासून होतेच. वर्गात मात्र दुसरेच बसले. मी ते प्रकरण वाचलं आणि मला आमची पाचजणांची बॅच दिसली.

आणि उलटंही घडलं. जिथे हाताच्या कामाला पैसा होता, तिथे आपला हातही नको होता. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात जास्त मजुरी मिळायची, आणि तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात सूत ओवताना ते तोंडानं ओढावं लागे, हे कारण. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संघटनांसमोर ठेवला होता.

बाबासाहेबांकडे आपण घटनाकार म्हणून बघतो आणि तिथेच थांबतो. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, राहायला इथेच, नदीपलीकडे २२ पृथ्वीराज रोडला. वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. २५ ऑक्टोबर १९४३ ला वीजविषयक धोरण समितीसमोर त्यांनी केलेलं भाषण इंग्रजी खंडांतल्या दहाव्या खंडात आहे. वीज स्वस्त हवी, मुबलक हवी, त्याशिवाय या देशाचं औद्योगिकीकरण होणार नाही आणि दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. आमच्या पॉवर सिस्टिमच्या पुस्तकात ग्रीडचा इतिहास अर्धं पान होता. त्यात हे नाव नव्हतं.

त्याहून महत्त्वाचं मला वाटतं ते २९ ऑक्टोबर १९४२ चं, व्हाइसरॉयला दिलेलं निवेदन. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला हा माणूस त्यात म्हणतो की कला आणि कायद्याच्या शिक्षणानं आपल्या लोकांचं फार काही होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं. त्यासाठी देशात शिकायला वर्षाला दोन लाख आणि परदेशासाठी एक लाख रुपये मागितले. त्याच निवेदनात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि सरकारी छापखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी, अशीही मागणी आहे. एकाच कागदावर परदेशी विद्यापीठ आणि वर्कशॉप! आपण ज्या भारत सरकार शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतो, तिची सुरुवात १९४४-४५ ची, त्यांच्याच काळातली.

मग मी का सोडलं? एम-थ्रीला दोनदा बॅक लागला, हे एक. पण तो निघाला. शेवटच्या वर्षाला बाबांबरोबरचे एक काका लाइनवर गेले. परमिट घेतलेलं होतं. कुणाच्या तरी जनरेटरमधून उलटा सप्लाय आला, ज्याला आमच्याकडे रिटर्न म्हणतात. डिस्चार्ज रॉड लावून लाइन अर्थ केली असती तर वाचले असते. रॉड त्या दिवशी गाडीत नव्हता. कागदावर आलं: कामगाराचा निष्काळजीपणा. त्या वर्षी आम्हाला प्रोटेक्शन हा विषय होता. रिले, ब्रेकर, सगळं यंत्राच्या रक्षणासाठी. मला तो 'निष्काळजीपणा' हा शब्द कोण लिहितं ते बघायचं होतं, म्हणून समाजशास्त्राकडे आले. आता वाटतं, तो कागद भरणाऱ्या खुर्चीवर आपला एखादा इंजिनिअर असता तर? मी ती खुर्ची सोडून आले. बाबा काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "आता कोन्ती परीक्षा राह्यली?"

इथे मयूर विहारात बघा ना. दिल्ली सरकार २०१९ पासून दोनशे युनिटपर्यंत वीज फुकट देतं. माझ्या खोलीला सबमीटर आहे, घरमालक युनिटला दहा रुपये घेतो. तुमच्यातल्या किती जणांचं वेगळं आहे? आणि मेट्रोच्या पुलाखाली, यमुनेच्या खादरात भाजी पिकवणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या झोपड्यांवर हाताएवढे सोलर पॅनल दिसतात, कारण तिकडे लाइन जात नाही. जुलै २०२३ च्या पुरात ती माणसं आपल्याच रस्त्याच्या कडेला तंबूत होती. वीज कुठवर न्यायची हे नकाशावर रेघ मारून ठरतं, आणि ती रेघ इलेक्ट्रिकलवाला मारतो.

म्हणून मित्रा, माझं उत्तर: घे म्हण तिला. सरकारी कॉलेज, कमी फी, वसतिगृहाची शक्यता, हे आधी. कॉम्प्युटरचं दार पुढेही बंद होत नाही, माझ्या वर्गातले निम्मे तिकडेच गेले. इलेक्ट्रिकलला मात्र अजून सार्वजनिक क्षेत्र शिल्लक आहे. पॉवरग्रिडसारखे उपक्रम गेटच्या गुणांवर अभियंते घेतात आणि तिथे आरक्षण आहे. खासगीकरण वाढतंय, त्यामुळे हे किती दिवस राहील याची खात्री मी देत नाही. "पोरीला पोलवर चढवणार का?" असं गावात कोणीतरी विचारेलच. माझ्या आईलाही विचारलं होतं. ती म्हणाली, तिचा बाप चढते तेव्हा तर कोनी विचारत नाही.

तिला एक सांग. लॅबमध्ये कनेक्शन तिनं जरूर करावं, पण आळीपाळीनं. एका आठवड्यात तिनं वायर ओढल्या, तर पुढच्या आठवड्यात खुर्चीवर बसून रीडिंग तिनं घ्यावं आणि वायव्हाला पहिलं तिनं उभं राहावं. उत्तर मराठीत आलं तर मराठीत द्यावं. सर फार तर हसतील. मी गप्प बसले, त्याला आठ वर्षं झाली, आणि ते वाक्य मी आज तुमच्यासमोर पूर्ण करतेय.

एवढंच. ज्यांच्या भावाबहिणींचे कॅपचे फॉर्म अडकलेत त्यांनी थांबा, आपण लॅपटॉपवर बघू. जात वैधतेच्या अर्जाची पावती मोबाइलवर मागवून ठेवा. आणि कोणाला एम-थ्रीचा बॅक असेल तर लाजू नका, लाप्लासच्या माझ्या वह्या अजून आहेत.